गोव्यात युद्धनौकेवरचं नाटक बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोवा मुक्तिदिन, जत्रा आणि नाट्यस्पर्धांचा मोसम जवळ आला की युद्धनौका आणि तिच्यावरच्या माणसांचं नाटक बसवणाऱ्या मंडळांकडून तेच ते प्रश्न येतात. ते इथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. उत्तराचा एखादा भाग दुसरीकडे आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोव्याच्या मंडळाने युद्धनौकेची कुठली गोष्ट घ्यावी?

दारातच आहे ती घ्या. १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरात पोर्तुगीज युद्धनौका आफोंसो द आल्बुकेर्क आणि भारतीय फ्रिगेट (मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका) बेतवा व बियास यांच्यात लढाई झाली. त्याच दिवशी अंजदीव बेटावर आयएनएस त्रिशूल आणि म्हैसूर यांच्या साथीने नौसैनिक उतरले. त्या कारवाईत ७ भारतीय नौसैनिक धारातीर्थी पडले आणि १९ जखमी झाले. तिसरी गोष्ट दीवच्या समुद्रातली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. (खुकरीसाठी प्रश्न १३ पाहा.)

१९४३ साली मुरगावात जळालेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजाबद्दलही बरेच जण विचारतात. गोष्ट चांगली आहे, पण ते व्यापारी जहाज होतं. तिथली शिस्त, हुद्दे आणि हुकूम वेगळे, त्यामुळे खालचं बरंचसं त्याला लागू होणार नाही.

२. आफोंसोच्या लढाईत नेमकं काय काय झालं? आम्हाला एकांकिका लिहायची आहे.

एकांकिकेसाठी याहून सोयीचा प्रसंग मिळणं कठीण, कारण सगळा मामला तासाभराचा आहे. सकाळी दाभोळी विमानतळावर आणि बांबोळीच्या रेडिओ केंद्रावर भारतीय वायुदलाचे हल्ले झाले. किनाऱ्यावरची यंत्रणा गेली आणि लिस्बनशी संपर्क ठेवण्याचं काम आफोंसोच्या रेडिओवर येऊन पडलं.

पोर्तुगीज बाजूच्या वृत्तांतात पुढच्या वेळा अशा आहेत. १२ च्या सुमारास भारतीय फ्रिगेट बंदराच्या तोंडाशी येऊन तोफा डागू लागल्या. मधूनमधून दिव्याच्या मोर्सने शरण येण्याचा इशाराही देत होत्या. आफोंसोने नांगर उचलला आणि उलट मारा सुरू केला. १२:१५ ला नियंत्रण मनोऱ्यावर गोळा बसला. १२:२५ ला जहाजाच्या वर फुटलेल्या गोळ्याने रेडिओ ऑपरेटर ठार झाला आणि कप्तान आंतोनियो द कुन्हा आरागांव गंभीर जखमी झाला. सूत्रं दुय्यम अधिकाऱ्याकडे गेली. १२:३५ ला जहाज वळवून बांबोळीच्या किनाऱ्यावर चढवलं. १२:५० ला जहाज सोडण्याचा हुकूम सुटला आणि १३:१० पर्यंत शेवटची माणसं उतरली. जखमी कप्तानाला मोटारीने पणजीच्या इस्पितळात नेलं.

१२:०० ते १२:५० हा पट्टा घेतला तर घड्याळाबरोबर चालणारी एकांकिका होते. फ्लॅशबॅक घालू नका. लिस्बनहून शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम आलेला, समोर नव्या आणि वेगवान फ्रिगेट, आणि आपलं जहाज १९३४ साली पाण्यात उतरलेलं. एवढा ताण पन्नास मिनिटांना पुरून उरतो.

३. किमान किती नट लागतील?

बारा. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याचे हुकूम सुटतात त्या उंच जागी, कप्तान, पहाऱ्यावरचा अधिकारी, नौकानयन अधिकारी, सिग्नलवाला आणि टेहळ्या, असे पाच. सुकाणूघरात एक सुकाणूवाला आणि एक इंजिन टेलिग्राफवाला (टेलिग्राफ म्हणजे वेगाचा हुकूम इंजिनखोलीला पोचवणारं घंटेचं यंत्र). तोफेवर तिघे. रेडिओवर एक, इंजिनात एक. सुश्रूषा करणारा तेरावा लागेलच, पण तोफेवरचा एक जण पहिल्या भागानंतर ते काम करू शकतो. नऊ जणांत बसवायचं असेल तर तोफ काढा. ब्रिज आणि सुकाणूघर मात्र ठेवा, कारण नाटक त्या दोघांच्या मध्ये घडतं (प्रश्न ६).

४. नेपथ्यात अख्खं जहाज उभारायचं का? बजेट कमी आहे.

नको. पडद्यावर रंगवलेलं जहाज तर नकोच. जहाजावर असलेल्या माणसाला बाहेरून आपलं जहाज कधी दिसत नाही.

८ फूट × ४ फुटांच्या दोन लेव्हल (लाकडी चौथरे) शेजारी शेजारी, उंची ३ फूट: हा ब्रिज. मध्यापासून थोडा मागे आणि प्रेक्षकांच्या डाव्या हाताला ठेवा. खाली उजवीकडे, जमिनीवर, ५ × ५ फुटांत सुकाणूघर. त्याच्या मागच्या कोपऱ्यात रेडिओची खोली. देवळाच्या मांडवातला रंगमंच वीस फुटांचा असला तरी हे बसतं. रवींद्र भवन किंवा कला अकादमीच्या मोठ्या मंचावर लेव्हल वाढवू नका, मोकळी जागा अंधारात सोडा.

दोन्ही लेव्हल नट-बोल्टने एकमेकींना आवळा. नुसत्या चिकटवून ठेवल्या तर सगळे एकदम झुकताच मध्ये फट पडते आणि कुणाचा तरी पाय अडकतो. कठडा साडेतीन फूट उंच, लेव्हलच्या चौकटीला बोल्टने बसवलेला. खिळ्यांवर भागवू नका, गोळा बसल्याच्या क्षणी चार माणसांचं वजन त्यावर येतं.

ब्रिजवरून सुकाणूघरापर्यंत ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप न्या आणि दोन्ही तोंडांना नरसाळं लावा. ही बोलनळी. ती नुसती दाखवायची वस्तू नाही, आवाज खरोखर पोचतो. वरच्याने तोंड लावून हुकूम द्यावा आणि खालच्याने कान लावून ऐकावा. करड्या रंगासाठी पांढऱ्यात काळा आणि जेमतेम निळा मिसळा, पण रंग मॅटच घ्या. ऑइलपेंटवर स्पॉट पडला की सगळं स्टीलच्या कपाटासारखं चमकतं. पीव्हीसीला आधी पॉलिश पेपर मारा, नाहीतर रंगीत तालमीतच पापुद्रे निघायला लागतात.

५. तोफ आणि गोळे कसे करावेत?

आधी जहाज ठरवा. आफोंसोवर १२० मिलिमीटरच्या चार एकेरी तोफा होत्या, म्हणजे तोफची डेकवर काम करताना दिसतात. बेतवा-बियासच्या साडेचार इंची तोफा बंद बुरुजात जोडीने असत, तिथली माणसं बाहेरून दिसत नाहीत. म्हणून भारतीय फ्रिगेटवर उघड्या तोफेशी धावपळ दाखवणं चूक आहे. त्या बाजूचं नाटक ब्रिजवरून किंवा बुरुजाच्या आतून करा.

नळीसाठी १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, ८ फूट लांब. विंगेतून निम्मी बाहेर आली तरी पुरे.

गोळ्यांवर मात्र मेहनत घ्या. थर्मोकोलचा गोळा उचलणारा नट कितीही चांगला असला तरी लपत नाही. त्याची कंबर खोटं बोलते. ११० मिलिमीटरचा पाइप दीड फूट कापा, एका बाजूला टोपण सॉल्व्हंटने चिकटवा, निम्म्याच्या थोडं वरपर्यंत कोरडी वाळू भरा, उरलेल्या जागेत जुनी कापडं घट्ट ठासा आणि दुसरं टोपण बसवा. वजन ३ ते ४ किलो भरतं. कापड सैल राहिलं तर उचलताना वाळू सरकते आणि सर्र आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. वाळू ओली असेल तर जोड सुटतात. खरा गोळा वीस किलोंच्या वर असे. तेव्हा चार किलोंचा गोळा छातीशी धरून, गुडघ्यातून उठून, दोन हातांनी पुढच्याला देण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. प्रयोगाच्या दिवशी हातात आलेलं वजन पायावर पडतं.

६. तालमीत सगळं ठीक असतं, पण प्रेक्षकांना ही माणसं जहाजावरची वाटतच नाहीत. कुठे चुकतं?

बहुतेक वेळा हुकुमात. आमच्या मते या प्रकारच्या नाटकाचं सगळं मर्म इथे आहे. जहाज उभं राहतं ते हुकूम, त्याचा पुनरुच्चार आणि काम झाल्याची वर्दी या तीन पायऱ्यांवर. यातली एक जरी गाळली तर नेपथ्य कितीही भारी असो, प्रेक्षकाला कचेरीतली माणसं गणवेशात दिसतात.

भारतीय नौदलात हे असं चालतं. अधिकारी: “पोर्ट टेन.” सुकाणूवाला, चाक हलवण्याआधी: “पोर्ट टेन, सर.” चाक फिरवून, काट्यावर दहा अंश आल्यावर: “टेन ऑफ पोर्ट व्हील ऑन, सर.” अधिकारी: “व्हेरी गुड.” मग “मिडशिप्स” (सुकाणू मध्यावर), मग “स्टेडी” (याच दिशेने सरळ). इंजिनाचा हुकूमही तसाच परत येतो, आणि टेलिग्राफची घंटा खालून उलट वाजल्याशिवाय तो पुरा झाला असं कुणी धरत नाही.

लेखक-दिग्दर्शक हे पुनरुच्चार “लय तुटते” म्हणून कापतात. कापू नका. उलट त्यांचाच नाट्यासाठी वापर करा. पहिल्या पंधरा मिनिटांत प्रेक्षकाच्या कानाला ती साखळी इतकी सवयीची करा की गोळा बसल्यावर कप्तान बोलनळीत हुकूम देतो आणि खालून काहीच उत्तर येत नाही, तेव्हा वेगळा संवाद लिहावाच लागू नये. चार सेकंद थांबा. मग तोच हुकूम, तेवढ्याच आवाजात, पुन्हा.

आणखी दोन चुका नेहमी दिसतात. कप्तान स्वतः चाक धरत नाही. तो पाहतो, विचारतो, हुकूम देतो. दुसरी चूक ओरडण्याची. गोंधळ वाढतो तसे ब्रिजवरचे आवाज शांत आणि तुटक होतात, कारण ओरडलेला हुकूम चुकीचा ऐकला जातो.

हुकूम इंग्रजीत आणि बाकीचं बोलणं मराठीत ठेवलं तर प्रेक्षकांना अडचण येत नाही. पोर्ट म्हणजे डावी बाजू, स्टारबोर्ड उजवी, हे एखाद्या नव्या पोराला दरडावताना सांगून टाका.

७. जहाज हलतंय हे कसं दाखवावं? आणि कुठल्या बाजूला झुकायचं?

लेव्हल हलवू नका, माणसं हलवा. पण आधी विचारा, हलायला हवं का? मुरगाव बंदरात, डिसेंबरच्या दुपारी समुद्र शांत असतो. आफोंसोच्या नाटकात वादळी डोलणं हे पावसाळा दाखवण्याइतकं चुकीचं आहे. तिथे फक्त तोफेचा हादरा आणि वळण एवढंच येतं.

बाहेरच्या समुद्रात दाखवायचंच असेल तर एका बाजूहून दुसरीकडे जाऊन परत यायला आठ सेकंद धरा. सगळ्यांनी एकाच दिशेने, टाचांतून झुकायचं. खांद्यातून झुकलं की दारुडे दिसतात.

वळणाचा नियम बऱ्याच जणांना उलटा वाटतो. वेगात असलेली युद्धनौका वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलते. पोर्टला वळली तर माणसं स्टारबोर्डकडे झुकतील. जहाजाचं नाक प्रेक्षकांकडे असेल तर स्टारबोर्ड म्हणजे प्रेक्षकांची डावी बाजू. नाक प्रेक्षकांच्या उजवीकडे असेल तर स्टारबोर्ड प्रेक्षकांच्या दिशेला येतो. नाकाची दिशा पहिल्या तालमीला खडूने जमिनीवर लिहा आणि नंतर बदलू नका.

८. तोफांचे आवाज कसे लावावेत?

दोन बाजूंचा ताल वेगळा ठेवा. पोर्तुगीज वृत्तांतानुसार भारतीय फ्रिगेटचा मारा मिनिटाला ६० फेऱ्यांच्या घरात होता आणि आफोंसोच्या तोफा मिनिटाला दोनच फेऱ्या टाकू शकत होत्या. म्हणजे एकीकडे सतत ठोके आणि दुसरीकडे अर्ध्या मिनिटाने एक जड धमाका. हा फरक ऐकू आला की कोण हरणार हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

शत्रूची तोफ लांब असते. आधी उजेड, मग आवाज. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद. रंगमंचावर तेवढे तीन सेकंद पुरतात. आपली तोफ मात्र उजेड आणि आवाज एकदमच. सततचा मारा संवादाखाली चालवायचा असेल तर जाड आवाज ठेवा आणि तीक्ष्ण आवाज कापा, नाहीतर शब्द ऐकू येत नाहीत.

९. प्रकाशयोजनेत निळा रंग वापरला तर समुद्र वाटतो का?

रात्र वाटते. आफोंसोची लढाई भर दुपारची आहे. वरून पांढरा, थोडा कठोर उजेड हवा, आणि सुकाणूघरात एकच जाळीचा दिवा. खुकरीसारख्या रात्रीच्या नाटकात ब्रिज जवळजवळ काळोखात असतो, नकाशापुरता लाल दिवा. अंधाराला सरावलेली नजर पांढऱ्या उजेडाने क्षणात जाते आणि परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. ब्रिजवर कुणी काडी पेटवली तर सगळे का खवळतात, याचं कारण हेच.

गोळा बसण्याच्या क्षणी पूर्ण ब्लॅकआउट दोन सेकंद, मग मंद पिवळा आपत्कालीन उजेड, आणि शेवटपर्यंत तोच.

देवळाच्या आवारात विजेची ओढाताण होते, म्हणून हिशेब आधीच करा. १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर सुमारे ३४०० वॅट, म्हणजे हजार वॅटचे तीन हॅलोजन, त्यापुढे नाही. धुराचं यंत्र १५०० वॅटचं असेल तर त्याला वेगळी लाइन द्या. दोन्ही एकत्र जोडले की ऐन लढाईत फ्यूज उडतो.

१०. धुरासाठी काय वापरावं? फटाके चालतील का?

फटाके नकोत, बंद सभागृहात तर मुळीच नाही. धुराचं यंत्र वापरा. ते तापायला पाच-दहा मिनिटं लागतात, म्हणून १२:१५ च्या गोळ्यासाठी ते नाटक सुरू होतानाच चालू असायला हवं. सभागृहात धुराचे सेन्सर असतात, व्यवस्थापनाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. उघड्या मांडवात यंत्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा, नाहीतर सगळा धूर पहिल्या रांगेवर जातो. यंत्रासमोरची फळी बुळबुळीत होते, तिथून कुणाची धावत एन्ट्री ठेवू नका.

११. गणवेश, पट्ट्या, सलाम, निशाण यांत सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

निशाणात. १९६१ आणि १९७१ या दोन्ही वेळी भारतीय नौदलाचं निशाण पांढरं, त्यावर लाल क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा असं होतं. क्रॉसच्या मध्यावर अशोकमुद्रा नव्हती, ती २००४ नंतरची. आज दिसतं ते शिवमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचं निशाण २ सप्टेंबर २०२२ चं आहे. छपाईवाल्याला आताचं चित्र पाठवलं जातं आणि साठ वर्षांची चूक होते.

सोनेरी पट्ट्या: सब-लेफ्टनंट १, लेफ्टनंट २, लेफ्टनंट कमांडर २ आणि मध्ये एक बारीक, कमांडर ३, कॅप्टन ४. सर्वांत वरच्या पट्टीला वेटोळं असतं. जहाजाच्या प्रमुखाला हुद्दा कुठलाही असला तरी जहाजावर कॅप्टनच म्हणतात, म्हणून तीन पट्ट्यांचा कॅप्टन ही चूक नाही.

नौदलाच्या सलामात तळवा खाली, जमिनीकडे वळलेला असतो. समोर उघडा तळवा लष्कराचा. डोक्यावर टोपी नसेल तर सलाम नाही. लढाईच्या वेळी तोफची आणि ब्रिजवरचे लोक आगीच्या झोतापासून बचावासाठी पांढरी कापडी टोपडी आणि हातमोजे घालतात. साध्या मांजरपाटाचे शिवून घेता येतात, आणि चेहऱ्याचं फक्त डोळ्यांभोवतीचं वर्तुळ उरलं की नटालाही काम बदलावं लागतं.

१२. नाटकात नौदलाचा गणवेश घालणं कायद्यात बसतं का?

रंगमंचावर हो. आपण खरे सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने गणवेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. नाटकात तो हेतू नसतो. पण प्रयोगानंतर त्याच वेषात चहाला बाजारात जाणं किंवा मोटारसायकलवरून घरी जाणं टाळा. वेष रंगपटातच उतरवा. राष्ट्रध्वजाचा पडदा, आच्छादन किंवा मेजपोस म्हणून वापर करू नका.

१३. खुकरीचं नाटक याच पद्धतीने करता येईल का?

नाही. तिथे शत्रू दिसत नाही आणि लढाईला अवधीच मिळत नाही. टॉर्पेडो लागल्यावर जहाज काही मिनिटांत गेलं. नाटक त्याआधीच्या तासांचं करावं लागतं: चार-चार तासांचे पहारे, सोनारवर (आवाजावरून पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्रावर) बसलेल्याचे कान, जेवणाच्या मेजावरच्या गप्पा. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. बुडण्याचा प्रसंग पाण्याच्या निळ्या कापडाने दाखवू नका. उजेड जाणं, हुकुमांची साखळी तुटणं (प्रश्न ६) आणि शांतता एवढ्यावर तो उभा राहतो.

१४. खऱ्या माणसांची नावं वापरावीत का?

नोंदीत असलेला कप्तान नावाने येऊ द्या, पण त्याच्या तोंडी मनाचे कबुलीजबाब घालू नका. बाकी खलाशी कल्पित ठेवा. खुकरी आणि अंजदीवच्या बाबतीत नातेवाईक आजही आपल्यात आहेत. कुणाला भित्रा दाखवायचं असेल तर त्याला ना नाव द्या, ना ओळखता येईल असा हुद्दा.

१५. मंडळात मुली जास्त आहेत. १९६१ च्या जहाजावर त्यांना कसं आणायचं?

तेव्हा भारतीय किंवा पोर्तुगीज युद्धनौकेवर स्त्रिया नव्हत्या. दोन वाटा आहेत. एक, किनारा: बांबोळीची वाळू, पणजीचं इस्पितळ, बंदराजवळच्या घराची खिडकी. दुसरी, मुलींनी सरळ खलाश्यांच्या भूमिका कराव्यात. पुरुषांनी स्त्रीपार्टी केलेल्या नाटकांवर वाढलेल्या गोव्याच्या प्रेक्षकाला यात खटकण्यासारखं काही नाही. अट एकच, आवाज मुद्दाम जाड करू नका.

१६. पोर्तुगीज पात्रांनी कुठल्या भाषेत बोलावं?

मराठीत, आणि तेही शुद्ध, सरळ मराठीत. तोडकंमोडकं बोलायला लावलं की माणसं विदूषक होतात. हुकूम तेवढे पोर्तुगीज ठेवता येतील: बोंबोर्दु म्हणजे डावीकडे, इश्तिबोर्दु उजवीकडे, फोगु म्हणजे डागा. उच्चार गावातल्या जुन्या, पोर्तुगीज शिकलेल्या माणसाकडून घटवून घ्या. प्रेक्षकांत तशी माणसं असतातच.

१७. जत्रेत नाटक उशिरा सुरू होतं. आवाजाचं काय?

ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. आपला दिवस त्यात आहे का, हे देवस्थान समितीकडून लेखी घ्या. तोफांचं नाटक विनाध्वनिक्षेपक होत नाही, म्हणून पालखी उशिरा येणार असेल तर प्रयोग आदल्या किंवा दुसऱ्या संध्याकाळी ठेवा.

१८. आफोंसोवर पांढरं निशाण चढवल्याचा प्रसंग घ्यावा का? कसा करावा?

घ्यावा. पोर्तुगीज वृत्तांत सांगतो की कप्तानाच्या हुकुमाविरुद्ध सिग्नलच्या हवालदाराने पांढरं निशाण चढवायला लावलं, ते डोलकाठीभोवती गुंडाळलं गेलं, भारतीय जहाजांना दिसलंच नाही आणि मारा चालू राहिला. मग ते उतरवलं. भारतीय बाजूला दोष न देता आणि समोरच्यांना भ्याड न ठरवता हा प्रसंग उभा राहतो, म्हणून तो मोलाचा आहे. अंजदीवला पांढऱ्या निशाणावरून झालेला वाद वेगळा आहे, दोन्ही एकत्र करू नका.

करायची रीत अशी. डोलकाठी ब्रिजच्या मागे, १० फूट, दीड इंची पाइप. वर एक कप्पी, त्यातून दोरी. निशाण मलमलचं, ३ × २ फूट. जाड कापड गुंडाळलं जात नाही. काठीच्या वरच्या दोन फुटांना खरखरीत वेल्क्रोची पट्टी उभी लावा आणि निशाणाच्या मोकळ्या कडेला मऊ पट्टी. मागच्या विंगेत मध्यम वेगाचा पंखा असा ठेवा की कापड काठीकडे ढकललं जाईल. चढवणाऱ्याने दोरी सलग न ओढता हात-हात सोडत ओढावी, म्हणजे कापड वर पोचताना वळतं आणि चिकटतं. पाच-सहा तालमींत एकदा तरी ते न चिकटता फडकतं. त्यासाठी सिग्नलवाल्याने दोरी अर्ध्यातच अडवायची, “दोरी अडकली” असं म्हणायचं आणि पुढचा क्यू तसाच घ्यायचा. उतरवताना वेल्क्रो सुटल्याचा कर्रकन आवाज येतो. तो तोफेच्या धमाक्याखाली दडवा.